वाचकांचे प्रश्न : शाळा सुटल्यावर मूल कुठे जाते?

पुणे महापालिकेच्या शाळांतून बाहेर पडणारे प्रत्येक मूल पुढील शिक्षणासाठी किंवा एखाद्या चांगल्या कामासाठी तयार व्हावे, यासाठी काय करावे लागेल, या विषयावर प्रश्न पाठवण्याचे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांची उत्तरे येथे देत आहोत. अनेक पत्रांत एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत व्यक्त झाली होती, म्हणून सविस्तर लिहिलेले पत्र तेवढे निवडले आहे.

प्रश्न : माझी मुलगी महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीत शिकते. प्रगतिपुस्तकात श्रेणी चांगली असते, पण घरी धडा वाचायला सांगितला की ती अडखळते आणि भागाकाराची गणिते टाळते. तिला इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत घालावे का?
– एक पालक, येरवडा

उत्तर : शाळा बदलण्याआधी मुलगी नेमकी कुठे अडली आहे हे आपण स्वतः पाहावे. तिच्यासमोर चौथीचे पाठ्यपुस्तक ठेवा, तिने पूर्वी न वाचलेला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा आणि नंतर पुस्तक मिटून त्यात काय सांगितले आहे ते तिच्या शब्दांत विचारा. ती जोडाक्षरांवर अडखळते, की वाचन सुरळीत असूनही आशय सांगता येत नाही, हे पाच मिनिटांत कळेल, आणि या दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. मग ८७० रुपये सहा जणांत सारखे वाटायला सांगा. आठमधून सहा वजा करून उरलेले दोन पुढच्या साताच्या शेजारी मांडायचे, ही पायरी तिला ठाऊक नाही, की पायरी ठाऊक आहे पण सहाचा पाढा येत नाही? उत्तर चुकले एवढे पाहून थांबू नका, ती कोणत्या ओळीवर थांबली ते पाहा.

ही अडचण आपल्या मुलीपुरती नाही. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ अहवालाने २०२३ मध्ये ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींची पाहणी केली होती. त्यांतील सुमारे २५ टक्क्यांना आपल्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूर सहज वाचता येत नव्हता आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित केवळ ४३.३ टक्क्यांना बरोबर सोडवता आले. पाहणी ग्रामीण भागातील असल्याने हे आकडे पुण्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, परंतु वरच्या वर्गात पोहोचलेल्या मुलाला खालच्या वर्गातील गोष्टी येतच असतील असे गृहीत धरून शिकवत राहण्याची सवय शहरातील शाळांनाही आहे. सहावीचा अभ्यासक्रम पुढे सरकत राहतो आणि चौथीतच थांबलेले मूल शेवटच्या बाकावरून तो ऐकत राहते.

यावरचा उपाय माहीत नाही असे मुळीच नाही. मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांमध्ये मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच शिकलेल्या तरुणींनी रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून केवळ वाचन व गणिताच्या मूलभूत गोष्टी शिकवल्या. त्या ‘बालसखी’ उपक्रमाचा अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात मुलांची प्रगती स्पष्टपणे दिसून आली. इयत्तेऐवजी मुलाच्या सध्याच्या पातळीप्रमाणे गट करायचे आणि दिवसातील ठरावीक वेळ त्याच कामासाठी राखून ठेवायचा, हे त्यातील मुख्य सूत्र होते. आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून, सहावीच्या वर्गासाठी अशी वेळ वेळापत्रकात राखली आहे का, हे अवश्य विचारावे. श्रेणीविषयी वाद घालण्यापेक्षा हा प्रश्न अधिक उपयोगी ठरेल.

आता माध्यमाविषयी. ज्या मुलीला घरच्या भाषेतील परिच्छेद वाचताना अडचण येते, तिला सहावीत एकदम अपरिचित भाषेत सर्व विषय शिकायला बसवले, तर वाचनाची अडचण तशीच राहून तिच्यावर आणखी एका अडचणीचा भार पडेल. असा बदल तूर्त करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तथापि इंग्रजीविषयी आपल्याला वाटणारी काळजी रास्त आहे, कारण पुढे विज्ञान, वाणिज्य किंवा तांत्रिक शिक्षण घेताना इंग्रजी वाचल्यावाचून गत्यंतर नाही. मराठी माध्यमाच्या शाळेने इंग्रजी हा विषय प्रश्नोत्तरे पाठ करण्यापलीकडे नेऊन शिकवावा, ही मागणी पालकांनी एकत्र येऊन आग्रहाने केली पाहिजे.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे आणि त्याची शाळा आठवीपर्यंतच आहे. पुढे काय करायचे हे कोणीच सांगत नाही. वस्तीतली बरीच मुले आठवीनंतर कामाला लागतात. मी घरकाम करते, वडील रिक्षा चालवतात.
– एक आई, जनता वसाहत

उत्तर : आपले पत्र सर्वांत आधी छापायला हवे होते, कारण सरकारी शाळांच्या सुधारणेतील सर्वांत मोठे भगदाड आपण नेमके दाखवले आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण त्याचे संरक्षण ६ ते १४ या वयोगटापुरते, म्हणजे आठवीपर्यंत आहे. शाळेतले मध्यान्ह भोजन आठवीला थांबते आणि महापालिकेच्या बहुसंख्य शाळांचे वर्गही सातवी-आठवीलाच संपतात. दुसरीकडे, बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाल्यानंतरही चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला धोकादायक नसलेल्या कामावर ठेवण्यास मुभा आहे. म्हणजे ज्या वर्षी शाळा हात सोडते, त्याच वर्षी कामाचा दरवाजा उघडतो. अशा वेळी मूल कामाकडे वळले तर दोष आईवडिलांना देणे अन्यायाचे आहे.

यावर व्यवस्थेने करायचे काम अवघड नाही. आठवीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी प्रत्येक मुलाचा नववीचा प्रवेश कुठे झाला याची नोंद घ्यावी आणि ज्याचा झाला नाही त्याच्या घरी जावे, एवढी जबाबदारी लेखी स्वरूपात निश्चित केली तरी पुष्कळ मुले वाचतील. दाखला दिला की शाळेचे काम संपले, ही समजूत मोडली पाहिजे.

आपण मात्र वाट पाहत बसू नये. वार्षिक परीक्षा संपण्यापूर्वीच जवळच्या अनुदानित माध्यमिक शाळेत किंवा महापालिकेच्या माध्यमिक विद्यालयात जाऊन नववीच्या प्रवेशाची चौकशी करावी. जूनपर्यंत थांबल्यास जवळच्या शाळांमधील जागा भरून जातात. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा, जिला शाळेत ‘एनएमएमएस’ म्हणतात, ती आठवीतच देता येते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे, ही तिची अट आहे. निवड झाल्यास नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,००० रुपये मिळतात. एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते : ही शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठी आहे, त्यामुळे नववीला विनाअनुदानित खासगी शाळेत प्रवेश घेतला तर हक्काचे पैसे हातचे जातात.

कागदपत्रांचे कामही आताच हाती घ्यावे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे नाव, आधार कार्डावरचे नाव आणि जन्मतारीख तंतोतंत जुळते का ते पाहावे, कारण शाळेच्या नोंदवहीतील चूक मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घेणे तुलनेने सोपे असते. लागू असल्यास जातीचा दाखला काढून ठेवावा. आरक्षित जागेवर व्यावसायिक पदवीला प्रवेश घेताना जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि ते हाती यायला वेळ लागतो. गुणवत्ता असूनही केवळ एका कागदासाठी प्रवेश अडल्याच्या तक्रारी दर वर्षी ऐकू येतात आणि त्यांतील बहुतेक मुले अशीच असतात, ज्यांच्या घरी हे आधी कोणी केलेले नसते. म्हणूनच हे मार्गदर्शन शाळेने आठवीच्या पालकसभेत द्यायला हवे.

प्रश्न : माझा लहानसा कारखाना आहे. दहावी झालेली मुले कामाला येतात, पण त्यांना साधे ड्रॉइंग वाचता येत नाही, मापे घेता येत नाहीत. शाळांनी पुस्तकी शिक्षण कमी करून थेट हाताला काम शिकवावे, असे तुम्हाला वाटत नाही का?
– एक उद्योजक, भोसरी

उत्तर : हाताला काम शिकवावे या मताशी मी पूर्ण सहमत आहे, पुस्तकी शिक्षण कमी करावे याला मात्र माझा विरोध आहे. आपल्याकडे आलेल्या मुलाला ड्रॉइंग वाचता येत नाही, याचे कारण त्याने हातात कानस धरली नव्हती एवढेच नाही. प्रमाण, अपूर्णांक, दशांश चिन्ह आणि भूमिती या गोष्टी त्याने परीक्षेपुरत्या पाठ केल्या होत्या. व्हर्निअर कॅलिपर या सूक्ष्म मापाच्या साधनावर २३.४ मिलिमीटर वाचण्यासाठी दशांशाची समज पक्की असावी लागते. पुस्तक कमी केले तर हे मूल आपल्या कारखान्यात दोन वर्षे टिकेल, पण नवे यंत्र आल्यावर त्याच्या सूचना वाचता न आल्याने मागे पडेल.

हा विचार आपल्याच जिल्ह्यात प्रत्यक्षात आणून दाखवलेला आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून उभ्या राहिलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमात माध्यमिक शाळेतील मुले आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, घर व आरोग्य असे त्याचे चार भाग आहेत आणि केलेले काम गावाच्या उपयोगाचे असावे असा आग्रह आहे. एखादा लोखंडी स्टँड करायचा झाला तर मुलांना आधी त्याचे चित्र काढावे लागते, लागणाऱ्या पट्टीची लांबी मोजावी लागते, वजनावरून खर्च काढावा लागतो आणि मग वेल्डिंग करावे लागते. गणित, विज्ञान आणि हिशेब एकाच कामात येतात आणि माप चुकले तर सांधा जुळत नाही, हे मुलाला शिक्षकांनी सांगावे लागत नाही. पुढे डॉक्टर किंवा वकील होणाऱ्या मुलालाही असे शिक्षण मिळाले पाहिजे.

ही कल्पना जुनीच आहे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली होती आणि त्या शिक्षणात मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती आणि आरोग्य यांचा समावेश सुचवला होता. ज्या कोठारी आयोगाचे सदस्य सचिव जे. पी. नाईक होते, त्या आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभव हा शालेय शिक्षणाचा भाग करावा असे सांगितले. आपल्या शाळांनी त्या कार्यानुभवाचे रूपांतर कागदी फुले आणि सजवलेल्या फायलींमध्ये केले, याचे मला मनापासून वाईट वाटते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा आणि स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद आहे. तिचेही तसेच होऊ द्यायचे नसेल, तर आपल्यासारख्या उद्योजकांनी शाळेला एक दिवसाची सहल न देता, वर्षभर येणारा एक कुशल कामगार आणि चार-दोन मोजमापाची साधने द्यावीत.

आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. ‘हाताचे काम’ हे गरिबाच्या मुलासाठी आणि महाविद्यालय हे सुस्थितीतील मुलासाठी, अशी विभागणी शाळेने कधीही करू नये. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम केलेल्या मुलाला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. औंधच्या आयटीआयमध्ये फिटर झालेला मुलगा पुढे अभियंता होऊ शकतो, हे नववीतील किती मुलांना आणि किती शिक्षकांना ठाऊक आहे? हा मार्ग माहीत असलेले मूल आयटीआयकडे नाइलाज म्हणून पाहणार नाही.

प्रश्न : राज्याचा दहावीचा निकाल ९४-९५ टक्के लागतो. मग सरकारी शाळांच्या नावाने एवढी ओरड कशासाठी?
– एक ज्येष्ठ नागरिक, कोथरूड

उत्तर : निकाल २०२४ मध्ये ९५.८१ टक्के आणि २०२५ मध्ये ९४.१० टक्के लागला, हे खरे आहे, आणि मुलांच्या व शिक्षकांच्या श्रमाचे त्यात मोल आहे. मात्र हा आकडा परीक्षेला बसलेल्या मुलांचा आहे. आठवी-नववीत गळालेले मूल त्यात मोजलेच जात नाही. शिवाय उत्तीर्ण होण्यासाठी शंभरात ३५ गुण लागतात आणि बहुतेक विषयांत वीस गुण शाळेकडून मिळतात. पस्तीस गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी अकरावीच्या वर्गात पहिल्याच महिन्यात गोंधळून जातो, हे कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयातील प्राध्यापक सांगतील.

म्हणून शाळेचे मोजमाप बदलावे, असे मी सातत्याने सुचवत आलो आहे. दहावी झाल्यानंतर दोन वर्षांनी तिचे विद्यार्थी कुठे आहेत, किती जण बारावीपर्यंत, आयटीआयमध्ये किंवा पदविकेत टिकून आहेत, किती जण शिकाऊ उमेदवार म्हणून काम शिकत आहेत आणि किती जणांचा काहीच पत्ता नाही, हे दर शाळेने दर वर्षी जाहीर करावे. निकालाच्या फलकाइतकाच मोठा हा फलक प्रवेशद्वारावर लागला, तर पाचवी ते आठवीच्या वर्गांकडे लक्ष आपोआप वळेल, कारण त्या फलकावरील आकडे सुधारण्याचा दुसरा मार्गच नाही.

प्रश्न : मी महापालिका शाळेत शिकवते. शिकवण्याची इच्छा आहे, पण ऑनलाइन माहिती भरणे, सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे यांत दिवस जातो. त्यात आता मुलांचा शाळेनंतरचाही माग ठेवायचा का?
– एक शिक्षिका, हडपसर

उत्तर : आपली तक्रार न्याय्य आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. त्या मर्यादेबाहेरचे काम आले, तर शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून ते लेखी कळवावे. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. एकट्या शिक्षिकेची तक्रार सहज बाजूला ठेवली जाते, पालकांच्या सह्यांचा ठराव तितक्या सहज ठेवता येत नाही. माहिती भरण्याचे काम लिपिकाकडे द्यावे आणि प्रत्येक शाळेला लिपिक मिळावा, ही मागणीही याच समितीमार्फत जावी.

मुलांचा माग ठेवण्याचे काम मात्र मी अशैक्षणिक मानत नाही. ते एकट्या आपल्यावर पडू नये, हे खरे. समितीतील पालक आणि शाळेचे माजी विद्यार्थी यांनी ते वाटून घ्यावे. त्यासाठी कोणतेही ॲप लागत नाही. एका जाड नोंदवहीत मुलाचे नाव, घरातील दोन व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक, पुढचा प्रवेश कुठे झाला आणि दिवाळीनंतर ते मूल तिथे जात आहे का, असे चार रकाने आखावेत. दोन क्रमांक यासाठी, की भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या कुटुंबांचा पत्ता बदलतो आणि एक क्रमांक हमखास बंद लागतो. पहिला फोन जुलैच्या अखेरीस करावा, कारण प्रवेश मिळाला नसेल तर त्या वेळी धावपळ करून अजून काही करता येते. दुसरा दिवाळीनंतर करावा, कारण सणाच्या सुटीत कामाला लागलेली बरीच मुले परत वर्गात येत नाहीत. ज्या घरातून ‘तो आता जात नाही’ असे उत्तर येईल, त्या घरी आपल्याऐवजी त्याच वस्तीत राहणाऱ्या आणि दोन वर्षांपूर्वी आपल्याच शाळेतून पुढे गेलेल्या मुलाला पाठवून पाहावे.